आईच्या नावाचं पाणी

“ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यात तुझी आई धर.”

काका असं म्हणाले आणि हसले. काशीत, संकठा घाटाच्या पायऱ्यांवर, पितृपंधरवड्यात, पुण्याकडच्या यजमानांसमोर. यजमानही हसले. मी त्यांच्या चपला राखत बसले होते. ते माझं काम. तिसरीत असेन तेव्हा.

काका म्हणजे ज्यांच्या घरी मी वाढले ते. घर मंगला गौरीच्या देवळाजवळ, पोट भिक्षुकीवर. देशावरून येणाऱ्या मराठी माणसांच्या मेलेल्यांना गंगेत पाणी द्यायचं, दिवसभर तेच. कोणाचे आजोबा, कोणाची चुलत सासू, सगळ्यांची नावं मोठ्याने घ्यायचे, गोत्रासकट. शेवटची ओंजळ ज्यांचं कोणीच नाही त्यांना. मी रोज ऐकायचे. मला वाटलं, इतक्या परक्यांची नावं घेतात, एक जास्त घेतलं तर काय बिघडतंय? म्हणून विचारलं होतं, “काका, माझ्या आईला पण पाणी घाला ना.”

तर हे उत्तर. मी म्हटलं, “पण मी आहे ना.”

“तू? तू कोण गं?”

पुन्हा सगळे हसले. मी मान खाली घातली. चपला सरळ केल्या. दुसरं काय करणार होते?

माझी आई त्यांच्याच घरात स्वयंपाक करायची. विधवा. सासरच्यांनी यात्रेला म्हणून काशीला आणली आणि इथेच टाकून गेले. मी झाले ते कितीतरी वर्षांनी. कोणापासून, ते ती कोणाला बोलली नाही. मी लहान असतानाच तापाने गेली. काकांनी मला ठेवून घेतलं. ‘ठेवून घेतलं’ हा शब्द त्यांचाच. आईचं नाव मात्र त्या घरात बंद झालं. काकू म्हणायच्या, “ती गेली, हे मागे ठेवून.” हे म्हणजे मी.

काका वाईट नव्हते हो. कधी हात उगारला नाही. जेवायला घातलं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं, पण घातलं. हेच तर सांगायला अवघड आहे. मारलं असतं तर लोकांना पटलं असतं.

शाळेत घातलं, कारण फी नव्हती आणि दुपारी घरात माझी अडचण व्हायची. पंधरा ऑगस्टला लाडू मिळाला. बहनजी, म्हणजे आमच्या वर्गाच्या बाई, म्हणाल्या, “अब सब बराबर हैं.” मी खरं मानलं. लाडू मुठीत धरून उड्या मारत घरी आले, तर काकू उंबऱ्यातच: “भांडी कोण घासणार?” लाडू तिथेच ठेवला आणि मोरीवर बसले.

अभ्यास चुलीपाशी केला. पुस्तक मला ‘तू कोण’ असं विचारत नव्हतं, म्हणून त्याला चिकटले. बहनजी म्हणायच्या, “बेटी, कुछ भी हो, पढ़ना मत छोड़ना.” नाही सोडलं. संस्कृत घेऊन एम.ए. झाले. विद्यापीठात पहिली आले.

मग सत्कार ठरला. माझा नव्हे, काकांचा! गणेशोत्सवात, गावातल्या सगळ्या मराठी मंडळींसमोर. शाल त्यांना, नारळ त्यांना. मी बाजूला, काकूंचं जुनं पातळ नेसून. काका माईकवर म्हणाले, “हिला मागेपुढे कोणी नाही. आम्हीच आई, आम्हीच बाप.” टाळ्या पडल्या. समोरच्या बायकांनी डोळे पुसले.

तीच पायरी, त्याच चपला. एवढं शिकून मी अजून तिथेच बसलेली. माझं यशसुद्धा त्यांच्या पुण्याईत जमा झालं होतं आणि आई पुन्हा एकदा मेली होती, टाळ्यांत.

“दोन शब्द बोल. आभार मान,” काका कानाशी म्हणाले.

माईक धरला. “माझ्या आईचं नाव द्वारका. ती यांच्या घरी स्वयंपाक करायची.”

एवढंच जमलं. कोणीतरी घाईघाईने आरतीची घंटा वाजवायला घेतली.

घरी पोचले तर माझी ट्रंक गल्लीत. “खाल्ल्या घरचे वासे मोजलेस,” काकू दारातून म्हणाल्या. “जा आता तिच्याकडे.” काका पाठ करून बसले होते. त्या पाठीकडे बघून मला रडू आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं. दुसरं घर मला माहीतच नव्हतं. बहनजींनी त्यांच्याकडे जागा दिली, थोडे दिवस म्हणून.

पितृपंधरवडा लागला. मी संकठा घाटावर गेले. काका यजमानांना घेऊन बसलेले. मी गुडघाभर पाण्यात उतरले, ओंजळ भरली.

“बाईमाणसाने हे करायचं नसतं!” काका ओरडले. “आणि गोत्र कुठलं लावणार तिला?”

“गोत्र नाही,” मी म्हटलं. “नाव आहे.”

द्वारका. मोठ्याने म्हटलं, त्यांच्यासारखंच. पाणी सोडलं. यजमान माना वळवून बघत होते.

आई काही परत आली नाही. जीवही हलका झाला नाही. बहनजींकडे किती दिवस राहता येईल, तेही माहीत नव्हतं. पण एक पक्कं झालं. काका, जेवू घातलंत, खरं आहे. त्या जेवणापायी माझी आई मी पुसू देणार नाही. दर वर्षी इथेच, तुमच्या शेजारी उभी राहून तिचं नाव घेणार. ती तुमची शेवटची ओंजळ, ज्यांचं कोणी नाही त्यांची, तिच्यात माझ्या आईला धरायचं नाही. तिला मी आहे.