सासूबाईंची सही

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या सावेडीच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत शेअरचं खूळ शिरलं होतं. वीज तयार करणाऱ्या एका कंपनीचे शेअर निघाले आणि जो तो घरातल्या प्रत्येकाच्या नावे अर्ज भरत सुटला. जितकी नावं जास्त, तितकी शेअर लागण्याची आशा जास्त. मीही यजमानांनी आणून दिलेला एक अर्ज शेवगावच्या सासूबाईंच्या नावे भरला. पैसे आमचे, नाव त्यांचं, आणि सही मीच ठोकली. सहीसाठी शेवगावला कोण जाणार होतं!

शेअर लागले, लाभांश येऊ लागला. खरं तर ते पैसे आमच्या उत्पन्नात धरून कर भरायला हवा होता. त्याऐवजी 'माझं उत्पन्न करपात्र नाही' असा फॉर्म मी दरवर्षी सासूबाईंच्या सहीनं धाडायची. त्यांना सही येतच नव्हती, त्या अंगठा द्यायच्या. हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग एक दिवस आयकर खात्याचं पत्र आलं. फॉर्मवर जिची सही आहे तिनं समक्ष हजर राहावं. खोटी सही, खोटा जबाब. नोकरी तर गेलीच, वर तुरुंग. यजमान सुप्याच्या कारखान्यातून आले, पत्र वाचलं आणि खुर्चीत बसले ते बोलेचनात. अर्ज आणून देताना तोंड बरं चाललं होतं!

सासूबाईंना आणलं. आठवडाभर त्यांच्याकडून पाटीवर त्यांचं नाव गिरवून घेतलं, माझ्याच वळणाचं. भीतीनं मी त्यांच्यावर वर्गातल्या पोरांवर ओरडावं तशी ओरडले. त्या मुकाट्यानं गिरवत राहिल्या.

कचेरीत साहेबांनी कोरा कागद पुढे केला. सासूबाईंनी सही केली. साहेबांनी तो कागद फॉर्मशेजारी धरला.

"आजी, लिहायला कुठं शिकलात?"

"सुनंनं शिकवलं. मास्तरीन हाय ती."

"कधी?"

जन्मात कधी खोटं न बोललेली बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लगीन होऊन आली तवाच. लई वर्सं झाली."

साहेबांनी फाईल मिटली.

बाहेर आल्यावर मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

त्यानंतर रेशनच्या दुकानात काय नि बँकेत काय, कुणी पेन पुढे केलं की त्या डावा हात पुढे करायच्या. "आंगठा घ्या," म्हणायच्या, "मला लिवता येत न्हाई." मी शेजारीच उभी असायची.