काचेच्या पेटीतलं रोवणं

काचेच्या पेटीत धानाच्या पद्धतीने रोवणं, म्हणजे रोपांची लावणी, करणारी बाई वीज केंद्राच्या अख्ख्या ऊर्जानगर कॉलनीत मी एकटीच. कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते.

आमचा क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर. माझे टोंगळे (पुण्याकडे त्यांना गुडघे म्हणतात, दुखतात सारखेच) जिना चढताना असे वाजायचे की आमच्या खालच्या क्वार्टरातली शमीमभाभी (मला खाला, म्हणजे मावशी म्हणते) आतूनच ओरडायची, "खाला आ गई!" तळमजला मिळावा म्हणून माझ्या पोराने, प्रकाशने, अर्ज केला होता. अर्ज प्लांटच्या साहेबांकडे पडून होता. अशात साहेबांच्या बाईंनी घरी माशांची टाकी आणली आणि आमच्या टाकीतलं गवत त्यांना पाहिजे झालं. प्रकाशला वाटलं, आता अर्जाला पाय फुटतील. मला वाटलं, मलाच फुटतील.

टाकी सून वंदनाची. आत लाल मासे आणि लांब, फितीसारख्या पानांचं गवत. एका जुडीचं इतकं माजलं होतं की माशांना वळायला जागा नव्हती.

बाई रविवारी संध्याकाळी यायच्या होत्या. दुपारी वंदना बिस्किटं आणायला चंद्रपूरला निघाली.

"आई, गवत मी आल्यावर मोकळं करीन. एकेक रोप वेगळं करा लागते. तुम्ही हात नका लावू."

"मी काऊन लावीन?" मी म्हटलं. तेव्हा खरंच लावणार नव्हते.

पण दुपार फार वाईट. घरात कुणी नाही, लांबून प्लांटची घरघर, टाकीचा हिरवा उजेड भिंतीवर हलतोय. मी समोर बसले. डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडेही नाहीत. गवत डुलायला लागलं आणि काच कुठे गेली कोण जाणे! समोर चामोर्शीकडची आमची धानाची बांधी, बांध घातलेलं वावर. आभाळ पाण्यात पडलेलं, बगळे त्या आभाळात चालताहेत, माझी माय लुगडं खोचून वाकलेली. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, अगदी याच रंगाचे. माय वळून म्हणाली, "पाहून काय राह्यली? पऱ्हे जून झाले ना!"

माय मरून जमाना झाला, पण तिला उलट बोलायची सवय मला नव्हती. उठले.

सगळं गवत उपटलं. मुळं धुतली, रोपं सोडवली, पेंड्या बांधल्या. तळाला पाहते तर वाळू! वाळूत कुणी रोवते काय? गॅलरीतल्या वांग्यांसाठी भावाने गावच्या तळ्यातला गाळ पोत्यात आणून दिला होता. तो वंदनाच्या कणकेच्या परातीत कालवला आणि वाळूवर थापला. पाणी चहासारखं झालं (आमच्या घरच्या, साहेबांकडे दूध जास्त असते). मासे बादलीत घातले आणि रोवायला लागले, ओळीत, मागे मागे सरत. टाकी हातभर होती, पण सवय!

रोवून झालं की बांधीतलं पाणी सोडतात. चार बोटं ठेवतात, नाहीतर रोप तरंगते. हे मला शाळेने शिकवलं नाही. शाळा चौथीत संपली, रोवणं संपलं नाही. मी टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली (एक घोट पोटात गेला, गाळ गावचाच होता), दुसरं टोक गॅलरीच्या कठड्यावरून सोडलं आणि पुन्हा बसले. बगळे परत आले.

"खाला! ओ खाला!"

बगळे उडाले. नळी कठड्यावरून निसटून गॅलरीत पडली होती. गॅलरी तुडुंब, पाणी खोलीत! दारात शमीमभाभी, केसांत चिखल.

"मेरे पलंग पे बारिश हो रही है!"

"जरासं पाणी सोडलं ना बाई. रोवणं करून राह्यली."

"तीसरे माले पे?"

तेवढ्यात जिन्यात वंदनाचा गोड आवाज, "या ना मॅडम, सांभाळून." बाई लवकर आल्या होत्या!

त्यांनी टाकी पाहिली. चिखल, चार बोटं पाणी आणि ओळीत आडवं पडलेलं गवत. पाण्याच्या आधाराने उभं राहणारं झाड ते. पाणी गेलं आणि सगळं पीक निजलं!

"मासे कुठे आहेत?"

"बादलीत," मी म्हटलं. "रोप जीव धरन तोपर्यंत."

"असंच लावायचं असतं का हे?"

वंदनाने तोंड उघडायच्या आत मी उरलेली पेंडी त्यांच्या हातात दिली. "चिखल करा, चार बोटं पाणी ठेवा. बाकी पाहूच नका."

बाई भल्या. माझ्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवून पेंडी घेऊन गेल्या. पुढच्याच आठवड्यात प्रकाश ड्यूटीवरून आला तो लाल होऊन.

"माय, साहेबाच्या टाकीत चिखल टाकाले कोणं सांगतलं?"

"पाणी किती ठेवलं त्यायनं?" मी विचारलं.

तो जेवला नाही.

तळमजल्याचा क्वार्टर मात्र निघाला. शमीमभाभीला! छताला ओल धरली, पोपडे पलंगावर पडायला लागले, म्हणून तिने अर्ज दिला. ऑफिसातला बाबू आला, वर पाहिलं, त्याच्या चष्म्यावर एक पोपडा पडला. काम झालं. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले, "खाला, सब आपकी मेहरबानी!"

आता दुपारी ती खालून हाक मारते, "खाला, आओ, चाय रखी है!" मी टोंगळे वाजवत सगळा जिना उतरते आणि तिच्या दारात, उन्हात, डोळे अर्धे मिटून बसते. तळमजला खरंच सुखाचा आहे. मीच रोवला तो. फक्त बांधी शेजारणीची निघाली!