एकटा पडलेला मीटर

कोणताही आकडा आला की ताई आधी त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी करायच्या. "शेजारी काय म्हणून राहिले?" जबलपूरच्या आमच्या वीज नियंत्रण कक्षात हा त्यांचा ठरलेला प्रश्न. शेजारी म्हणजे आसपासच्या उपकेंद्रांतले मीटर. मीटर थोडेफार खोटे बोलतातच. सगळ्यांचं ऐकून संगणक ग्रीडच्या खऱ्या स्थितीचा अंदाज बांधतो आणि फारच वेगळं बोलणाऱ्याला वगळतो. कक्षातले हिंदीभाषक ताईंना गमतीने 'पड़ोसन' म्हणत. त्या खोलीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

जेवताना भाजीतल्या मिठाबद्दलसुद्धा ताई तिघांना विचारत. मी एकदा म्हटलं, "ताई, तुमची स्वतःची जीभ काय म्हणते?"

"तिचा काय भरवसा, भैया? सकाळपासून चहाच पिऊन राहिली ते."

एका उन्हाळी दुपारी भेडाघाटकडच्या लाइनवरचा एक जुना मीटर भलताच भार दाखवू लागला. आसपासचे तीन मीटर सगळं ठीक असल्याचं सांगत होते. संगणकाने जुन्याला बाद ठरवलं. "बरोबर आहे," ताई म्हणाल्या, "पागल झाला तो." तासाभरात तापलेली तार जोडावर तुटली. खाली गवत कापणारा माणूस जागीच गेला.

मागाहून कळलं, ते तिन्ही मीटर एकाच खेपेला बदललेले होते आणि तिघांचाही आकडा एकाच चुकीच्या गुणकाने गुणला जाऊन खऱ्यापेक्षा कमी दिसत होता. चूक एकच, म्हणून तिघांचं छान जुळत होतं.

ताई त्या माणसाच्या घरी जाऊन आल्या. "त्याची बायको विचारत होती, तार काहून तुटली?" त्या दिवसापासून त्यांचा डबा बरेचदा तसाच परत जाई.

चौकशी समितीने कारण लिहिलं, वादळी वारा. त्या दुपारी पानही हललं नव्हतं. साहेब समजावत होते, "मॅडम, सब मान रहे हैं, आप भी मान जाइए."

"सर, उस दिन भी सब मान रहे थे."

ताईंनी आपलं वेगळं मत लिहून दिलं: मीटर खरा होता, त्याला वगळायला मी होकार दिला. लवकरच त्यांची बदली झाली. फाटकाशी मला म्हणाल्या, "जो एकटा पडला, त्याले पहिले फोन लावत जा, भैया."

पुढे अहवाल वर गेला. त्यात ताईंचं मत नव्हतं. बाकीच्यांशी जुळत नव्हतं, म्हणून वगळलं होतं.