सोललेल्या फोडी

मोसंबी सोलताना सालीचा कडवट वास बोटांना लागला की मला कांदिवलीच्या छोट्या हॉस्पिटलमधला तो बायका-पुरुषांचा एकत्र जनरल वॉर्ड आठवतो. आईच्या शेजारच्या खाटेवर चारकोपच्या एका बाईंचा नवरा होता, आईपेक्षा कितीतरी जास्त आजारी. मी नर्सशी भांडायचे, आईवर खेकसायचे. आणि या बाई लादी पुसायला येणाऱ्या मावशीलाही “बरं झालं आलीस गं,” म्हणायच्या. संध्याकाळी खाटेपाशी हात जोडून हळू आवाजात बुद्धवंदना म्हणायच्या आणि शेवटी आमच्यासकट सगळ्या वॉर्डाचं मंगल चिंतायच्या. माझ्या हातचा घास ढकलून देणारी आई त्यांनी सोललेल्या मोसंबीच्या फोडी मात्र मुकाट खायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एवढी शांती हिलाच बरी मिळते! आईला घरी सोडलं त्याच सकाळी त्यांच्या नवऱ्याला आयसीयूत हलवलं होतं. तरी बाई त्याच्या रिकाम्या खाटेवर बसून एकेका फोडीचा पापुद्रा काढत होत्या. फोडींचा डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, “रिक्षात भरव आईला.” मला राहवलं नाही. “तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?” त्यांनी मान वर केली. “वाटतं ना. सकाळपासून तुझा हेवा वाटतोय. म्हणून तर सोलत बसले.” आता आई नाही. आज माझ्या मैत्रिणीची आई बरी होऊन घरी आलीये, आणि मी तिच्यासाठी तिसरी मोसंबी सोलतेय.