सहा मिनिटांचा बिल्ला

विजेची बटणं जोडणाऱ्या त्या कारखान्यात बायका सुपरवायझरला पाठीमागे मिनिटराव म्हणायच्या, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. सरकत्या पट्ट्यावर चाळीस बायका आणि संडासाला जायला पितळी बिल्ला एकच. तो गळ्यात घालून जायचं, सहा मिनिटांत परत खिळ्याला लावायचा. महिन्यात तीनदा उशीर झाला की कायमचं घरी. हा नियम काही वरून आला नव्हता. मिनिटरावाने तो स्वतःच्या डोक्यातून काढून मॅनेजरच्या गळी उतरवला होता. अकरा वर्षं तो डोळ्यांत तेल घालून त्या खिळ्याजवळ उभा राहिला. बायकांना नावाने हाक मारायचा नाही, स्टुलाच्या नंबराने मारायचा. एखादी काकुळतीला आली तर म्हणायचा, "घरून उरकून येत जा."

मग त्याच्या आतड्याला कॅन्सर झाला. आठ महिने रक्त पडत होतं, पण या शहाण्याने बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. डॉक्टरांनी खालची वाट कायमची शिवून टाकली आणि पोटाला डावीकडे भोक पाडून आतड्याचं टोक बाहेर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवलेली पिशवी. पट्ट्यावर कुणी कुणी म्हणालं, भोगतोय आता. मूर्खपणा आहे हा. कॅन्सर काही स्वभाव बघून येत नाही; देवमाणसांनाही होतो आणि मिनिटरावालाही झाला. तो वाचला, एवढंच. वाचून सुधारला, असं मात्र कुणी समजू नये.

सात महिन्यांनी परतला तेव्हा त्याच्या जागी एकवीस नंबर स्टुलावरची बाई सुपरवायझर झाली होती. वजन उचलायची मनाई, म्हणून त्याला पट्ट्याच्या शेवटी खोकी बंद करायला बसवलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि ते त्याला कारखान्यातच काढायचे होते. घरी बसून दिवसभर बायकोची कीव झेलण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो तिच्या तोंडावर सांगायचा.

पण स्टोमाला वेळापत्रक नसतं. आवळून धरायला तिथे स्नायूच नाही. वाहायचं तेव्हा वाहतो. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने तिची पोटाला चिकटवलेली चकती सुटेल, असं नर्सने बजावलं होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचं, शर्ट वर धरायचा, पिशवीच्या टोकाची घडी उलगडायची, रिकामी करायची, टोक पुसून पुन्हा दुमडायचं, हात धुवायचे. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं लागली. सुपरवायझर बाईने वहीत लिहिलं. पट्टाभर बायकांनी मान वर करून घड्याळ बघितलं, आणि त्या बघण्यात दया अजिबात नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात अकरा मिनिटं. मग त्याने सकाळचं खाणंच बंद केलं. उपाशी पोटी वारा जास्त धरतो हे त्याच्या गावीही नव्हतं; दुपारपर्यंत पिशवी शर्टाखाली टम्म फुगायची. बायकोने ताट पुढे सरकवलं की तो खेकसायचा.

"मग तिकडे बोला ना," ती एकदा कावून म्हणाली. "तोंड काय फक्त माझ्यापुढेच चालतं तुमचं?"

शेवटी तो डॉक्टरची चिठ्ठी घेऊन सुपरवायझर बाईसमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला ताई म्हणाला.

"ताई, मला या बिल्ल्यातून वगळा."

तिने चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. "आणि बाकीच्यांना?"

"त्यांचं वेगळं आहे. त्यांना धरवतं."

"धरवतं?" तिने चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. "नियम तुमचा आहे. चुकीचा होता म्हणून मॅनेजरला जाऊन सांगा. सगळ्यांचा निघाला तर तुमचा निघेल. एकट्यासाठी मी सही करणार नाही."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपर्यंत माझ्यापुढे मान खाली घालणारी ही, आज मला अक्कल शिकवते! दोन दिवस तो मनातल्या मनात तिला शिव्या घालत होता. तिसऱ्या दिवशी पिशवी जड झाली आणि खिळ्यावर बिल्ला नव्हता. कुणीतरी आत होतं. आज उशीर झाला तर तिसरा. तो पोटावर हात धरून उठला आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला.

"अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात," मॅनेजर चकित होऊन म्हणाला, "या बायका आत जाऊन गप्पा छाटत बसतात."

"खोटं होतं ते. मी एकदाही बघितलं नव्हतं."

"लिहून द्याल?"

त्याने लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीला चकतीची कड सुटली आणि कमरेवरून काहीतरी ऊन ऊन खाली ओघळलं. केबिनभर वास पसरला. मॅनेजरने खुर्ची मागे घेतली. मिनिटराव उरलेलं लिहीत राहिला आणि सही करून मगच उठला.

धुऊन, पिशवी बदलून तो बाहेर आला तेव्हा नियमाचा कागद भिंतीवरून उतरला होता. एकीनेही त्याच्याकडे बघितलं नाही. सुपरवायझर बाई बेसिनपाशी हात धूत होती. ओला शर्ट अंगाला चिकटलेला, तसाच तो तिच्या शेजारी थांबला. निदान हिने तरी काही बोलावं असं त्याला वाटत होतं.

ती बोलली. "माझं मूल दीड महिन्याचं होतं. टाके उसवले होते. त्या स्टुलावर रक्तात बसले होते मी, सुट्टी होईपर्यंत."

"मला तेव्हा कळलं नव्हतं हो."

तिने नळ बंद केला.

"कळलं कसं नाही? मी सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा."