उतरायच्या आधी लिही

जिन्याखालच्या खोलीत ती कपडे दुरुस्त करायची. अल्टरवाल्या ताई म्हणूनच तिला सगळे ओळखत. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर लावणं. चाळीसेक गिऱ्हाइकांची मापं तिला तोंडपाठ होती. आणि ती मुलांसाठी गोष्टी लिहायची. तीन एका मासिकात छापूनही आल्या होत्या.

गोष्टी सुचायच्या मशीन चालवताना. हात गुंतलेले असायचे. ‘राहील की लक्षात,’ असं म्हणून ती शिवत राहायची. मापं राहतात, मग गोष्ट का नाही राहणार?

एका दुपारी ती एका आजोबांनी दिलेला कोट उसवत होती. कोट त्यांच्या गेलेल्या बायकोचा होता, तो नातीच्या मापाचा करायचा होता. बाही उसवता उसवता एक अख्खी गोष्ट सुचली, अगदी शेवटासकट. ती स्वतःशीच हसली. तेवढ्यात एक बाई बटणं निवडायला आल्या. काळी की करडी, यात त्यांनी अर्धा तास घातला. त्या गेल्या आणि पाहते तो गोष्टही गेलेली.

तिनं पुन्हा त्याच स्टुलावर बसून पाहिलं. दुसरी बाही उसवून पाहिली. डोक्यात नुसती काळी नि करडी बटणं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, “काय हरवलंय तुझं?”

“गोष्ट.”

बस चालवणारा साधा माणूस तो. चटकन वाकून मशीनखाली बघायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं आणि कान लाल झाले. ती इतकी हसली, की हसता हसता रडायलाच लागली.

“फार चांगली होती हो!”

“मेल्या म्हशीला मणभर दूध,” तो म्हणाला. तिचा चेहरा पाहून शेजारी टेकला. “आमच्याकडे नियम आहे. ब्रेक सैल वाटला की सीटवरून उतरायच्या आधी वहीत लिहायचं. एकदा चहा प्यायला गेलं ना, की सगळ्या गाड्यांचे ब्रेक चांगलेच वाटतात.”

त्या संध्याकाळी तिनं कटिंगच्या खाकी कागदाचे चौकोन कापले, मधोमध टीप मारून वही केली आणि पेन्सिलीसकट मशीनला टांगली.

सुरुवातीला फजितीच झाली. घाईत लिहिलेलं तिलाच कळेना. ‘छत्री रुसली, मामा’ असं एका पानावर होतं. कोण मामा, कुठली छत्री? मग ती मशीन थांबवून पूर्ण वाक्य लिहायला शिकली. गिऱ्हाइकं थांबायची. “दोन मिनिटं हं, उतरून घेते,” एवढंच ती म्हणायची. पुढे त्या वह्यांमधून तिचं पुस्तक झालं, बारा गोष्टींचं. हरवलेली मात्र कधीच परत आली नाही.

पण त्याच्या आधीची, वही नवी असतानाची एक गोष्ट सांगायची राहिली. आजोबा कोट न्यायला आले होते. घडी घालून दिला, तरी तो हातात धरून ते उभेच राहिले.

“ही मला हाक मारायची ना, नावानं नाही, वेगळीच,” ते म्हणाले. “आज सकाळी ती आठवायला मला किती वेळ लागला, माहितेय? घाबरलोच मी.”

“मग आठवली?”

“आठवली.”

तिनं वहीतलं कोरं पान फाडलं आणि पेन्सिल पुढे केली. “आत्ता लिहा. घरी जाऊन नको.”

“मी काय लेखक आहे का, पोरी?”

“लिहा हो आजोबा.”

कोट खांद्यावर टाकून ते मशीनच्या फळीवर वाकले. ती मुद्दाम पाठ फिरवून दोरे लावत बसली. मागे पेन्सिलीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, बराच वेळ चालला. मग आजोबा जरा संकोचून म्हणाले, “अजून एक कागद मिळेल?”