बबन महाराजांचा खटका

सिनेमा कुणाच्याही घरी चालू असो, रिमोट बबनच्याच हातात असायचा. ऐन रंगात आलेला प्रसंग तो थांबवायचा, उठून टीव्हीजवळ जायचा, पडद्यावर बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "हे आपलंच हाये, राव! त्यांनी नुसता वरून रंग मारलाय." चिवड्याने तेलकट झालेल्या त्या बोटाचे माझ्या टीव्हीवरचे ठसे मी दर सोमवारी पुसत असे. तेव्हापासूनच तो माझ्या डोक्यात जायचा.

बबन आणि मी ओतूरच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो एसटीत कंडक्टर झाला आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागलो. परदेशी विज्ञानपटांचा नाद मला. रविवारी दुपारी तो बायकोला, म्हणजे सुमनवहिनींना घेऊन माझ्याकडे सिनेमा बघायला यायचा. यंत्रमानवाला चार हात दिसले की हा म्हणणार चतुर्भुज. यानाचं गोल दार फिरलं की सुदर्शन. निळा उजेड पडला की आपला सावळा. एकदा एका अंतराळवीराने उन्हासाठी तोंडाला पांढरं मलम फासलं, तर याने "भस्म!" म्हणून हात जोडले. त्यातल्या एखाद्या दिग्दर्शकाने आपलं तत्त्वज्ञान खरोखर वाचलं असेल, नाही असं नाही. पण 'असेल' हा शब्द बबनला ठाऊक नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्याने माळ घातली आणि प्रवचनं सुरू केली. आमच्याकडे दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होते आणि तिला प्रवचन लागतंच. महाराज तासभर बोलतात, मग पुढारी श्रद्धांजल्या वाहतात, आणि पिंडासाठी आलेला कावळा बिचारा झाडावर ताटकळत बसतो. अशी प्रवचनं करणारे पैशाला पासरी आहेत. बबनने शक्कल लढवली. त्याने प्रवचनात सिनेमा आणला. तरुण पोरं मोबाइल खिशात घालून ऐकू लागली. घोडेगावच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांतूनही बोलावणी येऊ लागली. फ्लेक्सवर नाव झळकलं, 'विज्ञानाचार्य बबन महाराज'. दहावीला माझ्या उत्तरपत्रिकेत डोकावून विज्ञानात पास झालेला हा आचार्य!

त्याचा हुकमी सिनेमा एकच. तो त्याने माझ्याच घरी पाहिला होता. एक माणूस दूरच्या ग्रहावर एकटाच राहतो, येणाऱ्याजाणाऱ्या यानांना दिवा दाखवायचं त्याचं काम. त्याची बायको वारली आहे. पण तिथल्या एका खोलीत यंत्र तिला उजेडातून पुन्हा उभी करतं. रोज सकाळी ती नव्याने येते आणि कालचं तिला काहीच आठवत नाही. शेवटी त्याला घरी न्यायला यान येतं. खोलीचा खटका बंद केल्याशिवाय यानाला पुरेशी वीज मिळणार नाही. खटका बंद म्हणजे बायको कायमची गेली.

"खोली म्हंजी माया!" बबन माइकवर गरजायचा. "उजेडाची बायको म्हंजी ह्यो देह, एसटीची शीट, आपल्या नावावर न्हाई! आन् त्यानं काय केलं? खाडकन खटका बंद केला आन् चढला गाडीत! डबल घंटी! मोक्ष!" लोक माना डोलवायचे.

आता खरी गोष्ट अशी की त्या सिनेमात तो माणूस खटका बंद करतच नाही. यान निघून जातं. तो खोलीत जातो, बायको विचारते, तुम्ही कोण? आणि तो पुन्हा पहिल्यापासून आपलं नाव सांगतो. तिथे सिनेमा संपतो. सुमनवहिनींनी त्या दिवशी डोळ्याला पदर लावला होता. पुढे एकदा त्या मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी त्यो शेवट कशापायी बदलला? त्यो तिला सोडून गेला न्हाई, हेच तर मला लई आवडलं व्हतं."

सिनेमाची मोडतोड मी एकवेळ सोडून दिली असती. पण माझे वडील गेले, आणि आईने हट्ट धरला की प्रवचन बबन महाराजांचंच हवं. मांडवी नदीच्या घाटावर त्याने तोच सिनेमा सांगितला, तोच खटका दाबला, वर आईकडे बघून म्हणाला, "मावशी, तुमी बी बंद करा आता. रडून त्यांची गाडी आडवू नका."

आईने ते मनावर घेतलं. मी मढवून आणलेला वडिलांचा फोटो तिने त्यांच्याच टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत टाकला. त्यांची खाट देऊन टाकली. सकाळी दोघं ओट्यावर बसून चहा प्यायचे, तो चहाही तिने सोडला. मी वडिलांचं नाव काढलं की उठून आत जायची. "खटका बंद केलाय मी," एवढंच म्हणायची. साठ वर्षांच्या संसाराला आईने एकदाही मोकळं होऊन रडू नये, हे मला बघवत नव्हतं. खरा शेवट मी तिला सांगून पाहिला. ती म्हणाली, "तू शिनेमा बघितला आसशील, म्हाराजांनी त्याचा अर्थ बघितला."

मग मी बबनला जुन्नरच्या स्टँडवर गाठला. "अरे, तो माणूस खटका बंद करत नाही, तुला माहीत आहे."

"शंकऱ्या, ती शिनेमावाल्याची चूक व्हती, मी दुरुस्त केली," तो शांतपणे म्हणाला. "लोकांना रडत घरी धाडू का?"

"माझ्या आईला तरी खरं सांग."

"आन् मंग? ज्याच्या ज्याच्या दहाव्याला मी ह्ये सांगितलं, ती समदी घरं परत रडायला बसतील. म्हाराजानं शबूद फिरवायचा नसतो."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण भोवती पाया पडणाऱ्यांची गर्दी होती. तो हसला, उपरणं झटकलं आणि घोडेगावच्या गाडीत चढला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या थंडीत सुमनवहिनी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. दशक्रियेला मी केवळ त्यांच्यासाठी गेलो, आईही आली. प्रवचनाला आळंदीकडचे एक महाराज बोलावले होते, पण बबनने त्यांच्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, निर्लज्ज माणूस बायकोच्या दहाव्यालाही तोच खेळ लावणार. आणि त्याने लावलाच. तोच ग्रह, तीच खोली, तोच उजेड, तशाच टाळ्यांच्या जागा. मी दातओठ खात होतो.

तो खटक्यापाशी आला आणि थांबला.

"गाडी गेली," तो म्हणाला. "त्यो न्हाई चढला."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. निम्म्या लोकांना तो शेवट पाठ होता.

"खटका बंद केलाच न्हाई त्यानं. खोलीत गेला. ती म्हनली, तुमी कोन? त्यानं नाव सांगितलं. दुसऱ्या दिशी परत सांगितलं. रोज सांगतो." मग तो नदीकडे तोंड करून म्हणाला, "तिला ह्यो शेवट आवडायचा." 'हे आपलंच हाये' त्या दिवशी आलं नाही. त्याने माइक खाली ठेवला.

माझ्या मनात दया आली नाही. आलं ते एवढंच, की स्वतःच्या बायकोसाठी याला खरं आठवलं, माझ्या आईसाठी नाही. मी आईला घेऊन निघणार तेवढ्यात ती बायकांमधून उठली आणि काठी टेकत, चारचौघांसमोर थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"म्हाराज, मंग माझ्याकडनं का वो बंद करून घेतला?"

बबन म्हणाला, "मावशी..."

"मावशी नगं. माझ्या मालकाचा दहावा तुमी चुकीचा केलाय. त्यो परत करा. माझ्या दारात येऊन करा."

दहावा परत होत नसतो, हे आईलाही ठाऊक होतं. कुणीतरी तिला समजावू लागलं. तिने त्याचा हात झटकला.

चार दिवसांनी तो आला. माळ होती, उपरणं नव्हतं. आई ओट्यावर बसली, तो खाली पायरीवर. मी दाराशी उभा राहिलो, त्याला बस म्हणालो नाही. त्याने सगळा सिनेमा पुन्हा सांगितला, हळू आवाजात, एकट्या आईला. ना चतुर्भुज, ना सुदर्शन. शेवट जसा होता तसा सांगितला. आई पदर तोंडात धरून ऐकत होती. तो माणूस नाव सांगतो तिथे गोष्ट आली आणि आईचा बांध फुटला. वडिलांचं नाव घेऊन ती रडली, गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.

जाताना बबन मला म्हणाला, "बरूबर सांगितलं ना, शंकऱ्या?"

"हो," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. आईच्या गोठून गेलेल्या दिवसांचा जाब तो कुठली माया सांगून देणार?

आत वळलो तर आई ट्रंकेतून काढलेला फोटो टॉवेलाने पुसत होती. भिंतीवर मी खिळा धरला, तर मागून म्हणाली, "जरा वर ठोक. त्यांना दारात कोन आलं ते दिसलं पायजे."